नेतृत्व गटाच्या बैठकीची तयारी: विषयांची यादी बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सहा महिन्यांपूर्वी कंपनीची सूत्रं माझ्याकडे आली. सात विभागप्रमुख आणि मी, असा आमचा नेतृत्व गट. दर सोमवारी दोन तास बसतो. प्रत्येक जण आपल्या विभागाचा आढावा देतो आणि त्यातच वेळ संपते. महत्त्वाचा विषय पुढच्या सोमवारवर जातो. अजेंडा आदल्या दिवशी मेल करतो, तरी सगळे कोरेच येतात. तयारी कशी करावी म्हणजे बैठकीतून काही हाती लागेल?"

"तरी सगळे कोरेच येतात" ही ओळ मी दोनदा वाचली. वीस-बावीस वर्षं मी अशा बैठकांत बसते आहे, आधी विभागप्रमुख म्हणून आणि आता बहुतेक वेळा इतरांच्या बैठका बांधून देणारी म्हणून. लोक कोरे येतात ते बहुधा आळसापोटी नाही. कशाची तयारी करायची तेच त्यांना कळलेलं नसतं. तुमचा अजेंडा माझ्यासमोर नाही, पण त्यात "ग्राहकसेवा – चर्चा – २० मिनिटं" अशा ओळी असतील असा माझा अंदाज आहे. ही ओळ वाचून ग्राहकसेवेच्या प्रमुखाने काय घेऊन यायचं? आणि उत्पादनाच्या प्रमुखाने?

विषयाचा प्रश्न करा. बाकीची सगळी तयारी यावर उभी राहते, म्हणून इथे थोडं थांबते. वरची ओळ अशी लिहून बघा:

"तक्रारीला २४ तासांच्या आत उत्तर जावं यासाठी रात्रपाळी सुरू करायची, की संध्याकाळची पाळी तीन तास लांबवायची? आज ठरवायचं आहे. शेवटचा शब्द ग्राहकसेवा प्रमुखांचा. मनुष्यबळ आणि वित्त यांचं म्हणणं आधी लेखी हवं. ३० मिनिटं."

आता मनुष्यबळ प्रमुख रात्रपाळीला किती जण तयार होतील ते विचारून येतील. वित्त प्रमुख दोन्ही पर्यायांचा वर्षाचा खर्च काढून आणतील. ज्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही त्यांनाही ते आधीच कळेल. शेवटचा शब्द कुणाचा, हे लिहिलेलं असल्यामुळे बैठकीत एकमत होईपर्यंत ताणत बसायची गरज उरत नाही. ही शेवटची गोष्ट बहुतेक गट लिहीत नाहीत. मग अर्धा तास बोलून झाल्यावर सगळे तुमच्याकडे बघतात, आणि जो निर्णय विभागप्रमुखाने घ्यायला हवा होता तो तुमच्या गळ्यात पडतो.

प्रश्न लिहिणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. एकदा एका विभागप्रमुखांबरोबर "नवीन प्रणालीबाबत" या दोन शब्दांचा प्रश्न करायला मी जवळपास तासभर बसले. होता होता लक्षात आलं की त्यांना कुठलाच निर्णय नको होता. काम दोन महिने लांबलं होतं आणि ते एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगितलेलं बरं, इतकंच त्यांच्या मनात होतं. चार ओळींच्या मेलने ते झालं. बैठकीतली चाळीस मिनिटं वाचली आणि त्यांच्या डोक्यावरचं ओझंही उतरलं. प्रश्न लिहिता येत नसेल तर विषय अजून पिकलेला नाही असं समजा आणि तो बैठकीत आणू नका.

आता आढाव्यांकडे वळू. हिशेब करून बघा: सात जण, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे ८४ मिनिटं. १२० पैकी उरली ३६. महत्त्वाचा विषय मागे पडतो तो इथेच. आढावा ही कळवायची गोष्ट आहे आणि कळवायच्या गोष्टी कागदावर जाऊ द्या. प्रत्येक विभागाने शुक्रवारी दुपारपर्यंत पाच ओळी पाठवायच्या: काय ठरलं होतं, काय झालं, काय अडलं, कुणाची मदत हवी, आणि पुढच्या दोन आठवड्यांत इतर कुणाला धक्का देईल असं काय घडू शकतं. शेवटची ओळ सक्तीची ठेवा. पहिले तीन-चार आठवडे ती "काही नाही" अशीच येईल. तरी विचारत राहा.

आढावा काढून टाकला की काही जण दुखावतात, हे आधी सांगून ठेवते. बारा मिनिटं बोलणं हा त्यांच्यासाठी आपलं काम दिसण्याचा एकमेव प्रसंग असतो. म्हणून त्यांच्या पाच ओळी तुम्ही खरोखर वाचल्या आहेत हे त्यांना दिसलं पाहिजे. सोमवारी सकाळी एखाद्या ओळीवर एक नेमका प्रश्न विचारा, तेवढ्याने बरंच काम होतं.

आकड्यांचं भांडण बैठकीबाहेर मिटवा. हे लहान वाटतं, पण किती बैठका यात बुडालेल्या पाहिल्या आहेत! विक्रीप्रमुख म्हणतात महिन्यात १,२४० ऑर्डरी झाल्या, वित्त म्हणतं १,०९०. पंचवीस मिनिटं दोघं आपापल्या एक्सेलमध्ये डोकं घालून बसतात आणि बाकीचे सहा जण फोन बघतात. शेवटी कळतं की विक्री विभाग ऑर्डर नोंदली त्या दिवशी मोजतो आणि वित्त विभाग माल निघाला त्या दिवशी. दोन्ही आकडे बरोबरच होते. नेतृत्व गटात वापरायचे दहा-बारा आकडे एकदा बसून पक्के करा: प्रत्येकाची व्याख्या काय, तो कुठून घ्यायचा, कोणत्या वारी किती वाजताचा धरायचा, आणि तो कोण देणार. हे काम एकदाच करायचं असतं आणि ते तुमच्या वित्त प्रमुखाकडे सोपवता येतं.

आता जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते.

एका कंपनीत नवं उत्पादन कधी बाजारात आणायचं यावर बैठक होती. दीड तास चर्चा झाली, सगळी किंमत आणि जाहिरात यांवर. किंमतीचे तक्ते प्रत्येकासमोर होते, प्रत्येकाने बाजारपाहणी वाचली होती, त्यामुळे प्रत्येकाला बोलण्यासारखं होतं. तारीख ठरली. बाहेर पडताना खरेदीप्रमुख बाई मला जिन्यावर म्हणाल्या, "त्या तारखेला आपल्याकडे मुख्य सुटा भाग नसणार आहे. पुरवठादाराचा करार त्याच्या आधीच्या महिन्यात संपतोय आणि नवा अजून झालेला नाही." मी विचारलं, आत का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "विषय किंमतीचा चालला होता. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असेल."

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. त्यांनी गटातल्या लोकांना माहिती वाटून दिली: काही सगळ्यांना सारखी, काही एकेकालाच. सगळ्यांची माहिती एकत्र केली असती तर योग्य पर्याय उघड दिसला असता. पण गटांची चर्चा सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवती फिरली, आणि एकट्याकडे असलेली माहिती बहुतांशी पुढे आलीच नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीही काढू शकतो आणि काढली की माना डोलतात. एकट्याकडे असलेली गोष्ट त्या एकट्यानेच काढावी लागते, आणि काढली की आधी सगळे गप्प होतात.

म्हणून तयारीचा मोठा भाग म्हणजे ही एकेकाकडची माहिती बैठकीच्या आधी कागदावर आणणं. माझी पद्धत साधी आहे. निर्णयाचा प्रश्न पाठवताना प्रत्येकाला एकच गोष्ट लिहून मागते: "या प्रश्नाबाबत तुमच्या विभागाला असं काय माहीत आहे, जे इतरांना बहुधा माहीत नसेल?" दोन ओळी पुरतात. उत्तरं प्रश्नाच्या खाली, नावासकट, जशीच्या तशी जोडायची. त्या कंपनीत पुढच्या वेळी हे केलं तेव्हा आलेल्या सात उत्तरांपैकी चार निरुपयोगी होती, दोन बरी होती आणि एकाने प्रश्नच बदलून टाकला.

कागद किती लांब असावा, यावर लोक उगाच अडून बसतात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी जून २००४ मध्ये वरिष्ठ गटाच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं. त्या जागी सलग वाक्यांत लिहिलेलं जास्तीत जास्त सहा पानी टिपण आलं, जे बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. आठ जणांच्या गटाला सहा पानं क्वचितच लागतात, दीड-दोन पुरतात. मात्र त्यातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत. पहिली, सलग वाक्यं. मुद्द्यांच्या स्लाइडमध्ये "खर्च वाढेल – मागणी चांगली – करावं" असं लिहून सुटता येतं. वाक्यात लिहायला गेलं की "म्हणून", "तरीही", "जर" हे शब्द वापरावे लागतात आणि विचारातली भोकं लिहिणाऱ्यालाच दिसू लागतात. दुसरी, बैठकीतच वाचणं. कागद दोन दिवस आधी पाठवाच, पण वाचून आलात का असं विचारू नका. सगळे हो म्हणतील. पहिली दहा मिनिटं खोलीत शांतता ठेवा आणि सगळ्यांना वाचू द्या. ज्यांनी वाचलंय ते दुसऱ्यांदा वाचतील आणि बाजूला टिपा काढतील. पहिल्यांदा ही शांतता फार अवघडल्यासारखी वाटते. कुणीतरी घसा खाकरतो, कुणीतरी लवकर संपवून इकडेतिकडे बघतो. तिसऱ्या बैठकीपासून सवय होते.

टिपणात काय असावं? प्रश्न. आजची स्थिती, आकड्यांसह. किमान दोन खरे पर्याय. एक खरा आणि दोन दाखवण्यापुरते, अशी बनवाबनवी चालणार नाही. लिहिणाऱ्याचा कल आणि कारण. आणि हा निर्णय चुकला तर मागे फिरता येईल का. मागे फिरता येणार असेल तर दहा मिनिटांत ठरवून मोकळे व्हा, एका महिन्याने बघू म्हणा. येणार नसेल, मोठी गुंतवणूक, एखादा विभाग बंद करणं, वरिष्ठ पदावर नेमणूक असं काही असेल, तर त्याला दोन बैठका द्या. पहिल्या बैठकीत फक्त समजून घ्यायचं आणि दुसरीत ठरवायचं. मधल्या आठवड्यात लोक जो विचार करतात तो एका बैठकीत होत नाही.

अशा मोठ्या निर्णयांसाठी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीत मी नेहमी वापरते. निर्णय जवळपास ठरला की सगळ्यांना सांगायचं: समजा एक वर्ष गेलं आहे आणि हे सपशेल फसलं आहे, का फसलं ते प्रत्येकाने दोन मिनिटांत लिहून काढा. "काही अडचण वाटते का?" असं विचारलं तर लोक भिडेपोटी गप्प बसतात. फसलंच आहे असं गृहीत धरलं की अडचण सांगणं म्हणजे विरोध करणं राहत नाही, ती हुशारी ठरते. कागद मात्र आधी लिहून घ्या, बोलणं नंतर. बोलून सुरुवात केली की दुसरा माणूस पहिल्याचीच री ओढतो.

आधी एकेकाशी बोलावं का, हे मला हमखास विचारलं जातं. बोलावंच, पण कशासाठी ते पक्कं हवं. बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन फोन करा: ज्याच्यावर निर्णयाचा सगळ्यात जास्त भार पडणार आहे त्याला, आणि जो विरोधात असेल असं वाटतं त्याला. विचारा, "कागदात काय राहिलंय? तुम्हाला काय खटकतंय?" आणि ऐका. त्यांचं मन वळवायला जाऊ नका. बाहेर गोळाबेरीज करून आत नुसता ठराव संमत करणारे गट मी पाहिले आहेत. तिथे लोक लवकरच ओळखतात की खरी बैठक दुसरीकडे होते, आणि मग त्या दुसऱ्या ठिकाणी जागा मिळवायची धडपड सुरू होते. फोनवर जे कळलं ते बैठकीत त्या माणसानेच मांडावं, एवढी विनंती करून ठेवा. "तुमचा हा मुद्दा सगळ्यांनी ऐकायला हवा, मी तुम्हाला आधी बोलायला सांगेन." अबोल माणसाला एवढा आधार पुरतो.

आता तुमची स्वतःची तयारी. तुम्ही प्रमुख आहात, त्यामुळे तुमचं मत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडलं तर उरलेली बैठक त्या मताला कारणं शोधण्यात जाते. हे वाईट हेतूने होत नाही, माणसं अशीच वागतात. एप्रिल १९६१ मध्ये क्युबावरच्या चढाईची बे ऑफ पिग्जची मोहीम फसल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या सल्लागारांच्या बैठकांची पद्धत बदलली. ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात ते आपल्या सल्लागार गटाच्या काही बैठकांना मुद्दाम गेलेच नाहीत, लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून. तुम्हाला दर सोमवारी बाहेर बसायची गरज नाही. पण बैठकीपूर्वी पंधरा मिनिटं एकटं बसून प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा: माझा कल कुठे आहे, काय ऐकलं तर तो बदलेल, आणि मी कुणाचं ऐकायला टाळाटाळ करतोय. तिसऱ्या ओळीत कुणाचं नाव आलं तर त्या माणसाला पहिलं बोलायला द्या. तुम्ही शेवटी बोला. आणि एखादा निर्णय तुमचा आधीच झाला असेल तर तसं सरळ सांगा, चर्चेचं नाटक करू नका. "हे मी ठरवलं आहे, अंमल कसा करायचा ते बोलू" असं म्हटलेलं लोकांना चालतं. मत विचारून ते न घेतलेलं मात्र फार दिवस लक्षात राहतं.

क्रम लावताना एक धोका सांभाळा. ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीचं उदाहरण दिलं होतं: अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद रंगतो, कारण अणुभट्टी कुणालाच नीट कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. तुमच्या गटातही शेड असणार, ती ओळखा. बहुधा ती "पटकन उरकू" म्हणून अजेंड्यात पहिली टाकलेली असते. सगळ्यात अवघड प्रश्न पहिला घ्या, डोकी ताजी असताना. एका बैठकीत निर्णयाचे प्रश्न तीनपेक्षा जास्त नकोत. मला विचाराल तर दोन.

विभागप्रमुखांनाही त्यांच्या वाटची तयारी सांगावी लागते, ती गृहीत धरू नका. कागद वाचून प्रत्येक प्रश्नावर आपला कल एका ओळीत लिहून आणायचा, आणि चर्चा सुरू होण्याआधी सगळ्यांनी तो एकाच वेळी दाखवायचा. सात कल एकाच दिशेला असतील तर पाच मिनिटांत पुढे जा. चार-तीन असे असतील तर तिघांना आधी बोलू द्या. आणखी एक गोष्ट त्यांच्याशी मोकळेपणाने बोला: या खोलीत ते आपल्या विभागाचे वकील म्हणून बसतात की सगळ्या कंपनीचे जबाबदार म्हणून? मी विभागप्रमुख असताना कित्येक वर्षं वकिलीच करत होते आणि तेच माझं काम आहे असं मला मनापासून वाटत होतं. कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

वेळापत्रक सोपं ठेवा. सोमवारची बैठक असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत प्रश्न मागवायचे. गुरुवारी सकाळी तुम्ही त्यातले दोन-तीन निवडायचे आणि बाकीचे परत पाठवायचे, एका ओळीच्या कारणासह. गुरुवारी दिवसभरात प्रत्येकाच्या "इतरांना माहीत नसलेल्या" दोन ओळी गोळा करायच्या. शुक्रवारी दुपारी टिपणं आणि आढाव्याच्या पाच-पाच ओळी सगळ्यांना जातील. फोन शुक्रवारी संध्याकाळी करा, रविवारी कुणाला त्रास देऊ नका. हे जुळवायला एक माणूस लागतो, आणि तो शक्यतो तुम्ही नसावा. काही जण दूरून जोडले जाणार असतील तर लेखी कल आणि शांत वाचन जास्तच उपयोगी पडतं, कारण पडद्यावरच्या माणसाला मध्ये तोंड घालणं अवघड जातं. त्याला नावाने विचारा.

मागच्या निर्णयांची यादी प्रत्येक टिपणगठ्ठ्याच्या सगळ्यात वर असू द्या: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, झालं की नाही. झालेल्यांवर बोलू नका, न झालेल्यांवर दोन मिनिटं. एकच काम तीनदा "सुरू आहे" म्हणून आलं तर त्याचा प्रश्न करा: हे करायचंय की सोडून द्यायचं?

आणि बुधवारी संध्याकाळी एकही पिकलेला प्रश्न आला नाही, तर बैठक रद्द करा. आठ माणसांचे दोन तास म्हणजे सोळा तास असतात. पहिल्यांदा रद्द करताना हात थरथरतो, लोकांना वाटेल प्रमुख ढिले पडले. माझ्या पाहण्यात उलटं झालं आहे: त्याच्या पुढच्या बुधवारी चार प्रश्न आले, चारही नीट लिहिलेले.

सगळं एकदम सुरू करू नका. येत्या सोमवारी फक्त एक विषय निवडा, जो तुमच्याकडे सारखा पुढे ढकलला जातोय तोच. त्याचा प्रश्न लिहा, शेवटचा शब्द कुणाचा ते लिहा, सातही जणांकडून दोन-दोन ओळी मागवा आणि बैठकीची पहिली दहा मिनिटं वाचायला द्या. आढावे त्या दिवशी नेहमीसारखेच होऊ द्या, फक्त या प्रश्नाच्या नंतर.